नाडी लागतेय, मग बोटं बधिर का? ॲन्जिओग्राफी, फिस्टुला आणि दबलेल्या नर्व्हबद्दल

बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून नाहीतर मडगावच्या एखाद्या प्रायव्हेट हॉस्पिटलातून माणूस ॲन्जिओग्राफी करून घरी आला की शेजारपाजार जमतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ब्लॉकेज किती निघाले, स्टेंट घातला की बायपास सांगितलाय. हाताचं कोणी विचारत नाही. विचारलंच तर "टोचलं तिथे दुखतं काय" एवढंच, आणि थोडं दुखणारच हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. मी फोंड्यात फिजिओथेरपी करते, माझ्याकडे हाताचे पेशंट जास्त, त्यात रक्तवाहिनीच्या प्रोसिजरनंतर नर्व्ह म्हणजे मज्जातंतू दबून आलेले तसे थोडेच, पण जे येतात ते बहुतेक उशिरा येतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहायला घेतलं. आधीच सांगून ठेवते, हे फार कमी लोकांना होतं, तेव्हा हे वाचून कोणी ठरलेली ॲन्जिओग्राफी कॅन्सल करू नका, हार्ट अटॅकचा धोका ह्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता हाताची रचना थोडक्यात. मानेतून निघालेल्या नर्व्ह काखेत एकमेकींत गुंतून मग वेगळ्या होतात आणि तिथून तीन मोठ्या नर्व्ह खाली पंजापर्यंत जातात, मीडियन, अल्नर आणि रेडियल. मीडियनकडे तळहाताच्या बाजूने अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, अल्नरकडे करंगळी आणि अनामिकेचा राहिलेला अर्धा भाग, रेडियलकडे हाताची मागची बाजू, अंगठ्याकडची. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं, कारण "हात बधिर झालाय" म्हणणाऱ्या माणसाला नक्की कुठलं बोट असं विचारलं की निम्मं निदान तिथेच होतं. ताकदीचंही तसंच. अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करता येतो का, ते मीडियनचं काम, बोटं पंख्यासारखी फाकवता येतात का, ते अल्नरचं, आणि मनगट वर उचलता येतं का, ते रेडियलचं. घरच्या घरी अर्ध्या मिनिटात होतं.

बरं, ह्या नर्व्ह एकट्या जात नाहीत. दंडात मोठी धमनी म्हणजे ब्रेकियल आर्टरी आणि मीडियन नर्व्ह अगदी खेटून चालतात आणि दोघींभोवती एक चिवट पडदा असतो, जो ताणला जात नाही. भरलेल्या कदंब बसमध्ये दोघांच्या सीटवर तिसरा येऊन बसला की खिडकीकडचा माणूस जसा पत्र्याला चिकटतो तसं नर्व्हचं होतं, म्हणजे धमनीला सुई टोचली, तिथून रक्त झिरपलं, ते रक्त पडद्याच्या आत साठलं आणि बाहेर जायला वाट नाही, मग दाब पडतो तो नर्व्हवर. बाहेरून बघाल तर कधीकधी नुसती लिंबाएवढी सूज, कधी तेवढीही नाही, कारण रक्त खोल आहे. वरच्या वर पसरलेलं काळंनिळं बघून लोक घाबरतात, पण ते रक्त कातडीखाली मोकळं पसरलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा आपोआप जिरतं. बंद जागेतलं थोडंसं रक्त त्याच्यापेक्षा जास्त वाईट.

आणि आता ती गोष्ट जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. नाडी लागते म्हणजे हात ठीक आहे असं धरून बसू नका. हे का ते आकड्यांवरून कळतं. धमनीतला दाब आपल्याला माहीत असतो, १२० वर ८० वगैरे. नर्व्हला स्वतःचं रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या असतात, आणि बाहेरचा दाब नुसता २०-३० पर्यंत गेला की त्यांच्यातलं रक्त मंदावायला लागतं, ६०-८० च्या घरात गेला की नर्व्हचं रक्त जवळजवळ थांबतंच. म्हणजे नर्व्ह गुदमरत असते तेव्हा धमनी आरामात धडधडत असते, मनगटाला नाडी लागते, पंजा गरम असतो, बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं मशीनसुद्धा व्यवस्थित आकडा दाखवतं. सगळं छान दिसतंय आणि माणूस म्हणतोय बोटांना मुंग्या येतायत. अशा वेळी मशीनवर विश्वास ठेवायचा की माणसावर? माझं मत विचाराल तर माणसावर.

मनगटातून ॲन्जिओग्राफी आता इतकी नेहमीची झालीय की हे पूर्वी असं नव्हतं हे लोक विसरले. १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मेसन सोन्स ह्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची पहिली ॲन्जिओग्राफी केली, त्यांची पद्धत कोपराजवळ छेद देऊन ब्रेकियल आर्टरीतून जायची होती. नंतर बरीच वर्षं मांडीतून करायचे. १९८९ मध्ये कॅनडातल्या माँट्रियालचे डॉक्टर ल्युसियाँ कांपो ह्यांनी मनगटातून करून दाखवली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या किमेनाय ह्यांनी त्याच वाटेने ॲन्जिओप्लास्टी आणि स्टेंटसुद्धा केले. मनगट सोयीचं का, तर तिथे रेडियल आर्टरी हाडावर वरच्या वर असते, दाबली की रक्त थांबतं, पंजाला दुसऱ्या बाजूने अल्नर आर्टरीचं रक्त मिळतच असतं, आणि कुठलीही मोठी नर्व्ह तिला अगदी चिकटून जात नाही. जवळ असते ती रेडियल नर्व्हची एक वरवरची फांदी, ती दुखावली तर अंगठ्याच्या मागे बधिरपणा राहतो, त्रासदायक आहे पण काम अडत नाही. हल्ली काही डॉक्टर अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथून करतात, तिथे ही फांदी अजून जवळ. मनगटाला बांधतात तो हवेचा पट्टा फार घट्ट आणि फार वेळ राहिला तरी बोटं झिणझिणतात, म्हणून नर्स थोड्या थोड्या वेळाने हवा काढते. रक्त बाहेर येऊ नये पण आतला प्रवाह चालू राहावा एवढाच दाब हवा असतो. पट्टा असताना हात काळानिळा पडतोय, बोटं बधिर होतायत असं वाटलं तर गप्प बसू नका, बेल दाबा, नर्स दोनदा रागावली तर रागावली.

पण मनगटाचा खरा फसवा प्रकार वेगळाच आहे. आत जी तार सरकवतात ती वर जाताना एखाद्या बारीक फांदीत शिरते आणि तिथे छोटंसं भोक पडतं, मनगटापासून चांगलं वीतभर वर. पट्टा मनगटाला, ड्रेसिंग कोरडं ठणठणीत, आणि रक्त साठतंय कोपराखालच्या मांसल भागात. त्यात पेशंटला ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि प्रोसिजरच्या वेळी हेपारिन दिलेलं असतंच, म्हणजे रक्त गोठायला वेळ. कोपराखालच्या स्नायूंभोवती पण असाच न ताणणारा पडदा, आत दाब वाढत गेला की आधी नर्व्ह आणि मग स्नायू मरायला लागतात, ह्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. वेळेवर न सोडवलेल्या अशा हाताची बोटं कायमची आत वळून आखडतात, जर्मनीचे सर्जन फोल्कमान ह्यांनी १८८१ मध्ये ह्याचं वर्णन करून ठेवलंय, तेव्हा कारण होतं घट्ट बांधलेलं प्लास्टर आणि बँडेज. कारण बदललं तरी घड्याळ तेच आहे, स्नायू चार-सहा तासांच्या पलीकडे फार तग धरत नाहीत.

साखळी गावाकडच्या एका गृहस्थांचं सांगते, ओळख कळेल असं काही लिहीत नाही. स्टेंट घालून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, संध्याकाळी हात टणक लागायला लागला, सूनबाईने हाताला हात लावून बघितलं तर एक हात मऊ आणि एक अगदी कच्च्या पपईसारखा. फोन केला. पलीकडून विचारलं, "नाडी लागते का?" लागत होती. "ड्रेसिंग भिजलंय का?" नव्हतं. मग सकाळी घेऊन या म्हणाले. रात्रभर त्यांनी पेनकिलरवर काढली, दुखणं कमी होईना, बोटं कोणी सरळ करायला गेलं की ओरडायचे. सकाळी ऑपरेशन करून दाब मोकळा केला, हात वाचला, पण मीडियन नर्व्ह मात्र चांगलीच दुखावली. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, सगळं जमतं हो, पण तारले खाता येत नाहीत." मला आधी कळेना. मग म्हणाले, काटा बोटांना लागतच नाही, थेट तोंडात लागतो. अंगठा आणि तर्जनीच्या टोकाला किती बारीक कळत असतं ते गोंयच्या माणसाला माशाच्या काट्यावरून पटकन कळावं. त्यांची बायको, काकी बिचाऱ्या, लहान मुलाला सोलून द्यावं तसे काटे काढून द्यायच्या आणि काकांना त्याचीच जास्त लाज वाटायची.

त्या रात्रीच्या फोनवर विचारायला हवे होते ते प्रश्न दुसरेच होते. दुखणं टोचलं त्याच्या मानाने फारच जास्त आहे का. गोळी घेऊनही वाढतंय का. दुसऱ्याने बोटं हळूच सरळ केली तर जीव जातो का. कोपराखालचा हात दुसऱ्या हातापेक्षा टणक आहे का. बोटं बधिर आहेत का, कुठली. ह्यातलं एकही "हो" असेल तर नाडी असो वा नसो, लगेच हॉस्पिटल गाठायचं, आणि नाडी जाणं ही तर फार उशिराची खूण आहे, तिची वाट बघत बसायचं नसतं.

कोपर आणि काख ह्या दोन जागा मनगटाइतक्या माफ करणाऱ्या नाहीत. मनगट छोटं पडतं, आर्टरी बंद असते किंवा मोठं उपकरण न्यायचं असतं तेव्हा डॉक्टर वरून जातात, त्याला इलाज नसतो. कोपराच्या घडीत मीडियन नर्व्ह ब्रेकियल आर्टरीच्या लगेच आतल्या बाजूला असते, दोघींवरून स्नायूचा एक पट्टा आडवा जातो, म्हणजे खाली जागा मुळात कमी. काखेत तर सगळ्या नर्व्हचा जुडगाच धमनीभोवती. तिथे रक्त साठलं तर एका बोटाऐवजी आख्ख्या हाताची ताकद जाऊ शकते. ह्या जागांवरून प्रोसिजर झाली असेल आणि नंतर नव्याने मुंग्या, बधिरपणा किंवा पकड ढिली झाली, तर सोनोग्राफीची नाहीतर नर्व्हच्या टेस्टची तारीख घेऊन घरी बसण्यात अर्थ नाही, काही तासांत रक्त काढून नर्व्ह मोकळी केली तर बरी होण्याचा चान्स चांगला आणि दिवस उलटले की तो झपाट्याने घसरतो. ह्याच्याबरोबर येणारं अजून एक म्हणजे टोचलेल्या जागी धमनीला फुगा येणं, स्यूडोॲन्युरिझम म्हणतात, हात लावला तर गाठ ठोक्याबरोबर उडते. तो दोन-चार दिवसांनीसुद्धा दिसू शकतो. सोनोग्राफीत बघत सुईने थ्रॉम्बिन म्हणजे रक्त गोठवणारं औषध घालून बंद करता येतो, पण नर्व्ह दाबली जात असेल तर ऑपरेशन करून मोकळी करावी लागते.

आता डायलिसिसवाले. गोव्यात हा विषय सांगायची गरज नाही, काणकोणात तर घरटी कोणीतरी ओळखीचं निघतं. डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडतात, तो फिस्टुला, १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो वगैरे डॉक्टरांनी मनगटात करून जगाला दाखवला, त्याआधी काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या नळ्या बाहेर ठेवून काम चालायचं. फिस्टुलावर हात ठेवला की भुरभुर लागते, ती लागणं चांगलं. पण ज्या हाताला फिस्टुला त्याच हाताच्या नर्व्हला त्रास व्हायचे तीन-चार रस्ते आहेत आणि ते वेगवेगळे ओळखावे लागतात.

पहिला सगळ्यात घाईचा. कोपराजवळचा फिस्टुला केला आणि त्याच दिवशी, काही तासांतच पंजात आग, बधिरपणा आणि ताकद गेली, तिन्ही नर्व्हच्या भागात एकदम. ह्यात कोणी नर्व्ह दाबलेली नसते, रक्त फिस्टुलाकडे वळल्यामुळे नर्व्ह उपाशी पडते, स्नायू आणि कातडीला तेवढं पुरतं पण नर्व्हला पुरत नाही, म्हणून पंजा गरम राहतो आणि नाडीही लागते. परत तीच फसगत. बऱ्याच वर्षांचा डायबेटिस असलेल्या लोकांत हे जास्त. भूल उतरतेय, ऑपरेशनचं दुखणं आहे असं म्हणून दोन दिवस घालवले तर हात कायमचा लुळा राहू शकतो, फिस्टुला लगेच बंद करावा लागतो, मग दुसरीकडे नवीन करतात. ऐकायला जीवावर येतं, एवढा खटाटोप करून केलेला फिस्टुला, पण हात जास्त मोलाचा.

दुसरा प्रकार रक्त चोरीचा, स्टील सिंड्रोम. त्यात पंजा गार, फिका, डायलिसिस चालू असताना दुखणं वाढतं, वाईट असेल तर बोटाच्या टोकाला जखमा. हा हळूहळू येतो आणि लोकांना तसा माहीत असतो.

तिसरा वर्षानुवर्षांनी येणारा, कार्पल टनेल. मनगटात हाडं आणि एक पट्टा ह्यांच्यामधल्या बोगद्यातून नऊ दोऱ्या म्हणजे टेंडन आणि मीडियन नर्व्ह जातात, आणि डायलिसिसच्या पेशंटमध्ये किडनीतून न निघालेलं बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रोटीन वर्षानुवर्षं साठून तिथे चिकटतं, त्यात फिस्टुलाच्या हाताला शिरांतला दाब वाढून थोडी सूज, जागा अजून कमी. रात्री झोपेत हात झिणझिणून जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, मशीनवर बसलं की तासा-दोन तासांनी वाढतं. स्टीलमध्ये आणि ह्यात गोंधळ होतो, पण कार्पल टनेलमध्ये करंगळी मोकळी असते आणि पंजा गार नसतो.

म्हार्दोळकडच्या एक काकी अबोलीच्या फाती म्हणजे गजरे करतात, पन्नास वर्षांचा हात आहे, बोलता बोलता करतात. त्यांची तक्रार होती दोरा सुटतो. केळीचा ओला दोरा, फूल, आणि अंगठ्या-तर्जनीत धरून मारलेली गाठ. मी म्हटलं करून दाखवा, तर अगदी सुरेख केली. मग म्हटलं, "काकी, आता डोळे मिटा आणि मारा." नाही जमली. दोरा कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं तेच कळेना त्यांना, एवढे दिवस डोळ्यांनी सांभाळून घेत होत्या आणि वाटत होतं चष्म्याचा नंबर वाढला. अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा जो उंचवटा असतो तो फिस्टुलाच्या हाताला बसलेला होता, दोन्ही तळहात शेजारी ठेवले की दिसत होतं. उंचवटा बसायला लागला म्हणजे नर्व्ह नुसती कुरकुरत नाहीये, स्नायू सुटायला लागलाय, मग रात्री मनगटाला बांधायच्या पट्ट्यावर भागत नाही, ऑपरेशन करून बोगद्याचा पट्टा कापून जागा करावी लागते. त्यांचं झालं, रात्रीची झिणझिण थांबली, बारीक कळणं मात्र हळूहळू येतंय. मध्ये सांगते, चष्म्याच्या दुकानात त्या दोनदा जाऊन आल्या होत्या.

चौथा प्रकार अगदी साधा आणि टाळता येण्यासारखा. चार तास हात एकाच जागी, कोपर खुर्चीच्या कडक दांडीवर टेकलेलं, अल्नर नर्व्ह कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेत कातडीखालीच असते, तिच्यावर दाब. करंगळी बधिर. घरून एक मऊ उशी किंवा घडी घातलेला टॉवेल न्या, कोपराखाली असा ठेवा की खाच मोकळी राहील, आणि ज्या हाताला सुया नाहीत त्याचं कोपर पूर्ण दुमडून मोबाइल बघत बसू नका, त्या हाताचीही हीच नर्व्ह ताणली जाते.

सलाईन आणि रक्त काढण्याचं पटकन. अंगठ्याच्या बाजूला मनगटाजवळची शीर चांगली जाड दिसते म्हणून तिथे सुई घालतात, पण तिच्यावरूनच रेडियलची ती फांदी जाते. सुई घालताना करंट लागल्यासारखी कळ बोटापर्यंत गेली तर तिथल्या तिथे सांगा आणि सुई काढायला लावा, सहन करून उपयोग नाही. सलाईन शिरेबाहेर जाऊन हात फुगला तरी सांगा, मोठ्या प्रमाणात गेलं तर वरचाच दाबाचा खेळ तिथेही होतो.

आता सगळंच नर्व्ह दबल्याचं नसतं. ॲन्जिओग्राफीनंतर हाताबरोबर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, पायातही ताकद गेली तर तो लकवा असू शकतो, मग बोटं मोजत बसू नका, १०८ लावा. मानेचा स्पॉन्डिलायसिस असेल तर कळ मानेतून खाली येते आणि मान हलवली की बदलते. डायबेटिसचा बधिरपणा बहुतेक पायांपासून सुरू होतो आणि दोन्हीकडे असतो. एकाच हाताला, प्रोसिजर झालेल्या हाताला, प्रोसिजरनंतर नव्याने सुरू झालं असेल तर ते आधीच्या शुगरवर ढकलू देऊ नका, कारण शुगरवाल्यांचंच ह्यात जास्त दुर्लक्ष होतं, मुंग्या त्यांना आधीच असतात ना.

रात्री त्रास सुरू झाला तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं बरं. वाळपई-केरीहून किंवा काणकोणहून करमळ घाट ओलांडून बांबोळीला यायचं म्हणजे वेळ जातो, त्यामुळे "सकाळी बघू" म्हटलं की त्यातच वेळ संपतो. डिस्चार्जची फाइल, गोळ्यांची यादी आणि सरकारी आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड एका पिशवीत ठेवा. सूज असेल तर तिच्या कडेने पेनाने रेष मारा आणि बाजूला वेळ लिहा, तासाभराने रेषेच्या बाहेर गेली का ते कळतं, पोचल्यावर डॉक्टरांनाही ते उपयोगी. टोचलेल्या जागेतून किंवा तिच्या जरा वरून रक्त येत असेल तर तिथे बोटांनी नेमका दाब द्या, सगळ्या हाताला क्रेप बँडेज गुंडाळू नका. अंगठी, बांगड्या, काकणं काढून ठेवा, नंतर सुजल्यावर कापाव्या लागतात. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, नवीन स्टेंटवाल्याने तर मुळीच नको, स्टेंट बंद पडला तर हाताचा विचार करायला माणूस राहायचा नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तेल चोळण्याचं लिहायलाच हवं. आपल्याकडे सूज दिसली की खोबरेल कोमट करून कोणी ना कोणी चोळायला बसतंच, प्रेमानेच असतं ते, पण ताज्या रक्ताच्या गाठीवर चोळलं तर थांबलेलं रक्त परत सुरू होऊ शकतं. शेकही नको, एक तर रक्त वाढतं आणि बधिर हाताला चटका बसलेला कळत नाही, भाजून फोड आलेले मी बघितलेत.

टेस्टचं बोलायचं तर सोनोग्राफी-डॉपलर पहिली, रक्त कुठे साठलंय, फुगा आहे का, प्रवाह कसा आहे ते तिथेच कळतं. नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी, म्हणजे नर्व्ह आणि स्नायूतला करंट तपासणाऱ्या टेस्ट, लोकांना लगेच करून हवी असते, पण स्नायूतले बदल ईएमजीत नीट दिसायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे तातडीच्या वेळी तिचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी दिलासा मानू नका. पुढे नर्व्ह किती मेली, किती परत येतेय हे बघायला ती उत्तम.

बरं व्हायला किती वेळ हा प्रश्न मला रोज येतो. ब्रिटनचे सर्जन सेडन ह्यांनी १९४३ मध्ये नर्व्हच्या इजेच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्याच आजही वापरतो. पहिल्यात नर्व्ह जागच्या जागी सुन्न होते, आतली तार शाबूत, दाब गेला की दिवसांत-आठवड्यांत परत येते. दुसऱ्यात आतली तार तुटते पण वरचं आवरण राहतं, मग तार नव्याने वाढत जाते, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. तिसऱ्यात सगळंच तुटतं, शिवल्याशिवाय येत नाही. १ मिलिमीटरचा हिशेब करून बघा, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अठरा-वीस सेंटिमीटर, म्हणजे सहा-सात महिने. काखेपासून तळहातातल्या छोट्या स्नायूंपर्यंत पन्नासहून जास्त सेंटिमीटर, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास, आणि स्नायू नर्व्हशिवाय साधारण वर्ष-दीड वर्षापलीकडे वाट बघत नाही, म्हणून काखेतल्या इजेत दंड सुधारतो आणि बोटं मागे राहतात. ह्या काळात आम्ही काय करतो, तर सांधे आखडू देत नाही, स्प्लिंट म्हणजे हाताला आधाराची पट्टी देतो, स्नायूला काम शिकवतो आणि बोटाला परत ओळखायला शिकवतो, डोळे मिटून तांदूळ की मूग, सुती की रेशमी, नाणं कुठलं. कंटाळवाणं आहे, पण साखळीच्या काकांनी घरच्या घरी नेटाने केलं. नर्व्हच्या आगीवर गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन देतात, पण किडनीवाल्यांनो, ह्या गोळ्या किडनीतूनच बाहेर पडतात, तुमच्या शरीरात त्या साठतात, गुंगी येते, तोल जातो, पडायला होतं, त्यामुळे शेजाऱ्याला चालली तीच तुम्हाला त्याच डोसमध्ये चालेल असं नाही. मेडिकलवाल्याकडून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचंही तेच, उरलेल्या किडनीला त्या नकोत.

आणि ज्यांची किडनी कमजोर होतेय पण डायलिसिस अजून लांब आहे, त्यांनी आत्तापासून एक हात, बहुतेक डावा, राखून ठेवावा, त्याच्या कोपराच्या आणि मनगटाच्या शिरांत सलाईन नको, रक्त काढायचं तर पंजाच्या मागून काढा म्हणावं. ॲन्जिओग्राफी ठरली असेल तर तेव्हाही हे आधी बोलून घ्या, कुठल्या हातातून करणार ते. फिस्टुला झालेल्या हाताला बीपीचा पट्टासुद्धा नको, हे लॅबवाल्याला, नर्सला, प्रत्येक नवीन माणसाला दर वेळी स्वतःच सांगावं लागतं.